मामाची गाडी, आईची सीट

गाडी आमची नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. ती माझ्या मामाची. मामा ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम आहे. दिवाळी झाली की तो टोळी घेऊन कारखान्याला जातो आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद झाल्यावर, पाथर्डीकडच्या आपल्या गावी परततो. मागच्या वर्षी त्याने एक जुनी पण नीट वापरलेली पांढरी मोटार घेतली. गावात ती लावायला गोठ्याशिवाय आडोसा नव्हता. पहिल्याच हंगामात उंदरांनी तिच्या वायरी कुरतडल्या. म्हणून यंदा टोळी निघायच्या आदल्या दिवशी तो गाडी घेऊन भिंगारला, आमच्या भाड्याच्या खोल्यांसमोर आला.

“दाजी, सीझनभर चालवा,” तो माझ्या वडिलांना म्हणाला. “नुसती हुबी ऱ्हायली की गाडी मरती. आवडली तर ठिवून घ्या. आपलं आपल्यात बघू.”

“आन् न्हाई आवडली तर?” आईने विचारलं.

“आक्का, गाडी न आवडनारा मानूस मला अजून घावायचाय.”

वडील तोवर गाडीभोवती एक फेरी मारून आले होते. सुप्याच्या कारखान्यात लागण्यापूर्वी ते पाथर्डी लाईनला जीप चालवायचे. कारखान्यात ते मशीनवर असतात, जायला-यायला कंपनीची बस आहे, त्यामुळे बरीच वर्षं त्यांच्या हातात स्टेअरिंग आलं नव्हतं. आमची मोटरसायकलसुद्धा गावी चुलत्याकडे असते, दूध घालायला. त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला गाडीतून भिंगारच्या बाजारातून एक चक्कर मारून आणली. काहीच विकत घेतलं नाही. आई मागच्या सीटवर अगदी कडेला बसली होती, दुसऱ्या कुणाला जागा ठेवल्यासारखी.

गाडी खरोखर कुणाच्या उपयोगाची होती, तर आईच्या. निदान तसं आम्हाला वाटलं.

आई सावेडीतल्या मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला जाते. आधी ती चपात्या लाटणाऱ्यांपैकी एक होती. तिथल्या मुख्य स्वयंपाकीण बाई वय झाल्यामुळे मुलाकडे राहायला जाणार होत्या आणि रेक्टर बाईंनी त्यांच्या जागी आईला सुचवलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुली परत आल्या की आईने स्वयंपाकघर सांभाळायचं, संक्रांतीपर्यंत बघायचं आणि जमलं तर कायम. अट एकच होती. मुली सकाळच्या क्लासला बाहेर पडण्याआधी त्यांचा चहा-नाश्ता तयार हवा. स्वयंपाकघराची किल्ली आईकडे राहणार होती. ती पोचल्याशिवाय तिथे शेगडी पेटणार नव्हती.

आईने आयुष्यात पुष्कळ लोकांसाठी रांधलं आहे. लग्नाआधी ती आजी-आजोबांबरोबर तोडीला जायची, तेव्हा अख्ख्या टोळीच्या आधी उठून भाकरी थापणारी तीच असायची. पण कुठल्याही जागेची किल्ली तिच्या हातात कुणी दिली नव्हती. तिने ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. घरीही काढत नसे.

शहराच्या एका कडेच्या भिंगारहून दुसऱ्या कडेच्या सावेडीला जायचं म्हणजे मधल्या माळीवाड्यापर्यंत एक शेअर रिक्षा आणि तिथून पुढे दुसरी. दुसरीची अडचण नसते. पण इतक्या पहाटे भिंगारच्या स्टँडवर एकच रिक्षा असायची आणि तिच्यात बसणारी माणसं ठरलेली. तिथे एक रीत आहे, कुठे लिहिलेली नाही. रोजच्या माणसाची सीट रोजची. ते माणूस दिसलं नाही तर रिक्षावाला थोडा वेळ थांबतो, हॉर्न वाजवतो, शेजारच्यांना विचारतो. बदल्यात त्या माणसाने न सांगता दांडी मारायची नाही. आईची सीट मागे उजव्या कडेची होती. स्वयंपाकघर मिळाल्यावर तिने रिक्षावाल्याला गाडी जरा लवकर काढायला राजी केलं होतं, आणि तो कुरकुरत का होईना, काढत होता.

हे चालू असताना मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. दुसऱ्या वर्षाला पर्यावरणाचा एक प्रकल्प करावा लागतो. मॅडमनी विषय वाटले, त्यात माझ्या वाट्याला आला तो असा: शहरातल्या रोजच्या प्रवासासाठी स्वतःच्या मोटारीला पर्याय. मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांनी पर्याय शोधायचे असतात, असं मला वाटायचं. आमच्याकडे होते ते सगळे पर्यायच होते. मी मॅडमना तसं विचारणार होतो, पण विचारलं नाही. आणि त्याच आठवड्यात मामाची गाडी दारात आली.

पहिला आठवडा वडिलांना सेकंड शिफ्ट होती, म्हणजे सकाळी ते घरी. रात्रीच्या अपुऱ्या झोपेने डोळे लाल झालेले, तरी ते उठून काच पुसायचे, गाडी गरम करायचे आणि आईला घेऊन निघायचे. दोन दिवस मीही बरोबर गेलो, प्रकल्पासाठी म्हणून.

वडिलांना जीपची सवय. पाथर्डी लाईनला रस्त्याच्या कडेला माणूस उभा दिसला की गाडी थांबवायची, हे त्यांच्या पायातच बसलेलं. तिकडे ते बरोबरच होतं, दिवसातून मोजक्या गाड्या जायच्या. भिंगारमध्येही ते तसंच करू लागले. कोपऱ्यावर दूधवाला थांबलेला, त्याला घेतलं. पुढे एसटी पकडायला निघालेलं एक म्हातारं जोडपं दिसलं, त्यांना घेतलं. त्यांचं गाठोडं आईच्या मांडीवर.

“आवो, उशीर व्हतोय,” आई म्हणाली.

“माणूस हुबाय. गाडीत जागा हाय. मग निसतंच पुढं जायचं?”

“त्यांना रिक्षा हाय की.”

“रिक्षा रिक्षावाल्याची. ही आपली हाय.”

ती आपली नव्हती. म्हातारीने मध्येच विचारलं, “बाई, तुमी कुठं उतरनार?” आई म्हणाली, “डायवर उतरवतील तिथं.”

माळीवाड्यापाशी रिक्षावाले शेकोटीभोवती उभे असत. वडिलांच्या गाडीतून रोज तीन-चार माणसं उतरताना पाहून त्यांच्यातल्या एकाने हाक मारली, “भाऊ, आमच्यासारखा डायवरचा ब्याच काढा की आता! गाडी नंबरला लावा!” बाकीचे हसले. वडीलही हसले. त्यांना ते आवडलं, असं मला वाटलं. त्या आठवड्यात आई वेळेवर पोचली, पण रोज आदल्या दिवसापेक्षा जरा उशिरा.

मी प्रकल्पात मोटारीबद्दल लिहिलं की ती सोयीची आहे, पण तिचा वेळ चालवणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून आहे. मग ते वाक्य खोडलं. प्रकल्पात स्वभाव येत नाही.

पुढच्या सोमवारी वडिलांची फर्स्ट शिफ्ट लागली. कंपनीची बस आईच्याही आधी निघते. गाडी दारात उभी राहिली आणि आई नेहमीप्रमाणे रिक्षाच्या स्टँडवर गेली. धुकं होतं, म्हणून मी चौकापर्यंत सोबतीला गेलो होतो. रिक्षा आली. रिक्षावाल्याने ती थांबवली, पण खाली मान घालून बसला.

“वयनी, जागा न्हाई.”

“न्हाई म्हंजी? माझी कडंची शीट हाय की.”

“तुमच्या मालकांनीच सांगितलं मला. म्हनले, आता हिची वाट बगू नका, घरची गाडी आलीय. मी ती शीट या दवाखान्यातल्या मावशींना दिली. त्यांचीबी टायमाची डूटी हाय. आता त्यांना कसं उतरवू, तुमीच सांगा.”

कडेला बसलेल्या मावशींनी पदर सावरला आणि सहानुभूतीने विचारलं, “गाडी बिघडली का, बाई?”

“गाडी ठनठनीत हाय,” आई म्हणाली. “डायवर सुप्याला गेलाय.”

रिक्षावाल्याने आपल्या शेजारच्या पट्टीवर सरकून बघितलं, पण तिथेही आधीच एक जण अर्धा बाहेर बसलेला होता. रिक्षा गेली. स्टँडवर दुसरी नव्हती, आणि सिटी बस तर उजाडल्याशिवाय येत नाही.

मी घरी पळत जाऊन सायकल आणली. कॅरिअरवर पोत्याची घडी घातली. आई एका बाजूला पाय सोडून बसली, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने माझ्या स्वेटरची मूठ. मिलिटरीच्या गेटवरचा जवान आमच्याकडे बघत राहिला. चढ आला तसा माझा श्वास लागायला लागला. मी काही बोलायच्या आत आई उतरली आणि सायकलच्या बाजूने झपाझप चालू लागली.

“बस तू,” मी म्हणालो.

“चढाला मी तुला वढीन, उताराला तू मला. चल.”

पुढच्या चढालाही ती उतरली, त्याच्या पुढच्यालाही. त्या रस्त्याला इतके चढ आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा मुली व्हरांड्यात उभ्या होत्या. एक पायरीवर रिकामा स्टीलचा मग घेऊन बसली होती. काही तशाच निघून गेल्या होत्या. आईने गळ्यातला दोरा न काढताच वाकून कुलूप उघडलं, आणि बाहेर राहिलेल्यांना चहा-बिस्किटं तरी मिळाली. रेक्टर बाई ओरडल्या नाहीत. सगळं आवरल्यावर त्यांनी आईला बाजूला बोलावलं. मी सायकल धरून फाटकाशी होतो, मला ऐकू येत होतं.

“तुमच्या हाताला चव आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही,” त्या म्हणाल्या. “पण मुली उपाशी गेल्या. पालकांना मी काय सांगू? काही दिवस किल्ली माझ्याकडे राहू द्या. मी उघडत जाईन. इथं मागच्या गल्लीतच राहणाऱ्या एक बाई विचारून गेल्यात. संक्रांतीपर्यंत बघू.”

आईने दोरा काढून दिला.

संध्याकाळी वडील आले, तेव्हा तिने त्यांना चहा दिला आणि मग बोलली.

“रिक्षावाल्याला तुमाला कोन म्हनलं सांगा म्हनून?”

“म्या चांगल्यासाठीच सांगितलं हुतं. घरात गाडी आसताना तू थंडीत रिक्षाची वाट बगत हुबी ऱ्हायची, बरं दिसतं व्हय?”

“कुनाला?”

वडिलांनी कप खाली ठेवला. “पोराला शिकवतो,” ते म्हणाले. “ लायसन काढू. फस्ट शिफ्टच्या आठवड्यात तो सोडील तुला.”

त्यांनी खरोखर मला रविवारी भिंगारबाहेरच्या मोकळ्या मैदानात नेलं. मी क्लच सोडायचो आणि गाडी उडी मारून बंद पडायची. “घाबरू नगं, ती काय बैल हाय का?” वडील म्हणायचे. मला गाडीची भीती नव्हती. माझी सकाळची प्रॅक्टिकल बुडणार होती, आणि ते त्यांना कसं सांगावं हे कळत नव्हतं. ते आईने सांगितलं. “त्याचं कालेज मोडून मला शेगडी पेटवायची न्हाई,” ती म्हणाली, आणि तो पर्याय संपला.

मधले दिवस ती आणखी लवकर उठून माळीवाड्यापर्यंत चालत जाऊ लागली. वडील सकाळी घरी असले तरी त्यांना गाडी काढू देत नसे. पोचायची वेळेवर. रेक्टर बाई शाल पांघरून यायच्या, कुलूप उघडायच्या आणि परत झोपायला जायच्या. आई म्हणायची, “त्या बाईची झोप मोडते, त्याचं मला वाईट वाटतं.” पण मला वाटतं तिला दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटत होतं. बोलताना तिचा हात गळ्याशी जायचा. पायांना सूज यायला लागली होती. असं फार दिवस चालणार नाही, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

माझ्या प्रकल्पात वाहनांचं निरीक्षण हा एक भाग होता. त्यासाठी मी दोन-तीन सकाळी चौकात जाऊन उभा राहिलो. काय टिपायचं ते नीट माहीत नव्हतं. कोणती गाडी भरलेली जाते आणि कोणती रिकामी, एवढंच बघायचं ठरवलं. पहिल्या दिवशी मला आमच्याच गल्लीतली शाळेची रिक्षा दिसली. मागे मुलांसाठी लाकडी फळी, बाजूला दप्तरं अडकवायचे हूक. ती पूर्ण रिकामी सावेडीच्या दिशेने जात होती. दुसऱ्या दिवशीही रिकामी. नंतर मला आठवलं, त्या रिक्षातली मुलं आमच्या भागातली नाहीत. रिक्षावाल्याचं घर भिंगारला, पण शाळेची मुलं सावेडीतली. मुलं भरायला तो रोज रिकामी रिक्षा तिकडे नेतो.

हे घरी सांगावं की नाही, याचा मी एक दिवस विचार केला. ती रिक्षा आईच्या गरजेपेक्षा बरीच उशिरा जायची. शिवाय मोठ्या बाईला शाळेच्या रिक्षात बस म्हणणं बरं दिसेल का, असंही वाटलं. शेवटी जेवताना, दुसरंच काहीतरी बोलता बोलता, सांगून टाकलं. आई जेवण अर्धवट ठेवून उठली नाही. तिने भाकरी संपवली, हात धुतला आणि मग गल्लीच्या टोकाला त्या रिक्षावाल्याच्या घरी गेली. मी मागे गेलो.

“इतक्या लवकर?” शाळेच्या रिक्षाचे काका उंबऱ्यावर बसून पाय चोळत होते. “पोरं आंथरुनात असत्यात तवा. मी तिथं जाऊन काय करू?”

“झोपा की रिक्षात. चहा माझ्याकडून.”

“घरची झोप सोडून सावेडीत झोपू?”

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “जाऊ द्या त्यास्नी! तेवढीच माझी सकाळ निवांत जाईल.”

“एकटीसाठी न्हाई परवडनार,” काका म्हणाले.

“एकटी कुठं हाय? सावेडीला जानाऱ्या माझ्यासकट चौघी करते. महिन्याचं लावा, पोरांचं लावता तसं.”

तिने खरंच चौघी केल्या. दोघी तिकडच्या बंगल्यांमध्ये कामाला जाणाऱ्या, आणि एक दवाखान्यातल्या त्याच मावशी, ज्यांना आईची सीट मिळाली होती. त्यांना दोन रिक्षा बदलण्यापेक्षा ही थेट बरी वाटली. त्यामुळे गमतीची गोष्ट अशी झाली की आईची जुनी सीट पुन्हा मोकळी झाली, आणि ती आता आईला नको होती.

पहिल्या सकाळी मी बघायला उभा होतो. चार बायका मुलांच्या फळीवर समोरासमोर बसल्या, गुडघे एकमेकींना टेकलेले. डबे त्यांनी दप्तरांच्या हुकांना अडकवले. “सगळ्यांनी डबा आनला का?” काकांनी मागे वळून विचारलं. “गृहपाठ झाला का?” एक जण म्हणाली, “बाईंनी मारलं तर तुमचं नाव सांगीन.” रिक्षा हसत हसत धुक्यात गेली.

आधी रेक्टर बाई रोज तशाच येत राहिल्या. मग एका सकाळी त्या आल्या, तेव्हा आई बंद दाराशी कांदे-मिरची चिरून तयार बसली होती. तिने विळी घरून नेली होती. त्यांनी कुलूप उघडलं आणि किल्ली कुलपातच ठेवून गेल्या. आईने ती काढून घेतली नाही, संध्याकाळी तशीच त्यांच्या खोलीवर नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती हातात दिली. संक्रांतीला तिळगूळ देताना काम कायम झाल्याचंही सांगितलं. काळा दोरा पुन्हा गळ्यात आला.

माझा प्रकल्पही त्याच सुमारास जमा झाला. मॅडमनी शेवटच्या पानावर लिहिलं, “निष्कर्ष स्पष्ट नाही.” ते खरं होतं. बस, रिक्षा, सायकल, पायी, मोटार, सगळ्यांबद्दल मी लिहिलं होतं, पण यांतलं चांगलं कोणतं ते ठरवता आलं नव्हतं. कुणासाठी आणि कोणत्या वेळेला, हे विचारल्याशिवाय मला पुढे सरकताच येत नव्हतं.

होळीनंतर पट्टा पडला. मामा काळवंडून आणि बारीक होऊन परत आला. हंगामभर गाडी बहुतेक दारातच होती. वडील सुट्टीच्या दिवशी ती चालू करून बंद करायचे, कधी गावचं कुणी दवाखान्यात आलं तर त्यांना पोचवायचे. आईला तिच्यातून वडिलांनी कधीतरी दुपारी आणलं असेल, तेवढंच.

“मग दाजी, ठिवायची का?” मामाने चहा पिताना विचारलं.

वडील आईकडे बघायला लागले. ही गोष्ट मी त्यांना फारशी करताना पाहिलेली नाही.

“गाडी चांगली हाय,” आई म्हणाली. “पर तिच्यातनं मला न्यायला तुमी लागता, न्हाईतर हा. रिक्षाला मी एकटी पुरते.”

“आक्का, रिक्षात फळीवर बसायचं म्हंजी...”

“तोडीला ट्रकात कशावर बसायचो आपन?”

मामा हसला. वडिलांनी किल्ली त्याच्यापुढे ठेवली, पण बोट तिच्यावरच होतं. मग काढलं.

गाडी गेल्यावर पुढच्या आठवड्यात वडिलांची सेकंड शिफ्ट होती. एके सकाळी ते काही न बोलता आईबरोबर निघाले. काय बघायचं होतं कुणास ठाऊक. काकांनी त्यांना पुढे आपल्या शेजारी बसवलं. मी सायकलवर मागे होतो. चौकापाशी एक माणूस पिशवी घेऊन उभा होता, त्याने हात केला.

“थांबव,” वडील म्हणाले. “माणूस हुबाय.”

“भाऊ, शीट फुल्ल हायेत,” काका म्हणाले.

वडिलांनी मागे वळून पाहिलं. फळीवर चौघी बसल्या होत्या. आईने मान हलवली. त्या माणसाला वडिलांनी हातानेच खूण केली, मागून दुसरी येतेय, आणि रिक्षा पुढे गेली.